कुत्र्याआधी बॅग

लेकीनं कुत्र्यासाठी घर डोक्यावर घेतलं, तेव्हा बाबांनी फर्मान काढलं, "आधी परीक्षा. चाकांच्या बॅगेला पट्टा बांधायचा आणि महिनाभर रोज सकाळी सहाला तिला फिरवून आणायचं. एकही खाडा झाला नाही, तर कुत्रं." फ्रीजवर तीस चौकटींचा तक्ता लागला.

तिसऱ्या दिवशी लेकीचा पाय दुखला. चौथ्या दिवशी बाबांची पाठ धरली. पाचव्या दिवसापासून आईच निमूटपणे बॅग फिरवू लागली. शेजारच्या काकू रोज विचारायच्या, "चावत नाही ना हो?" आईला मात्र बॅगेचा लळा लागला होता. घरात ती एकटीच काही मागत नव्हती.

तिसाव्या सकाळी बाबा अंथरुणातूनच म्हणाले, "बघितलंस? मुलांना जबाबदारी अशी शिकवायची असते."

"हो ना," म्हणत आईनं पट्टा ओढला. बॅग आज चांगलीच जड होती.

नऊ वाजले तरी ती परतली नाही, तेव्हा दोघं नाश्ता शोधत फ्रीजपाशी आले. शेवटच्या चौकटीत आईचं अक्षर होतं: "आठ दिवस ताईकडे चालले आहे. तोवर एकमेकांना पाळून दाखवा, मग कुत्र्याचं बघू."