दोन बोटं जास्त

खोपोलीच्या कागद कारखान्यात लाकडाचे तुकडे कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात शिजतात. टाकीच्या काचेवर मापाची लाल रेघ आहे, पण टाकी सांभाळणारे अब्बासचाचा वीस वर्षं कॉस्टिक दोन बोटं जास्तच सोडायचे. लगदा कच्चा राहिला तर? काल लॅबमधल्या सुप्रियाने त्यांना रेघेवरच थांबवलं. आज लगदा निघाला तो काळपट. “माझा कसा उजळ निघायचा!” चाचा कुरकुरले. सुप्रियाने त्याच लगद्याचा कागद दिला. “फाडा बघू.” चाचांनी जोर लावला, कागद फाटेना. मग तिने त्यांचा जुना, उजळ कागद काढला. तो चटकन फाटला. “कॉस्टिक जास्त झालं की धागाच विरतो, चाचा. लगदाही कमी भरतो.” चाचा मोठ्यांदा हसले. “या कागदाचे दोन ताव मला ठेव गं. नातीच्या पुस्तकांना दरवर्षी आपलाच कागद घालतो, नि दिवाळीआधीच कव्हरं फाडली म्हणून पोरीलाच ओरडतो.”