अंघोळीतही काढायचं नाही

"घड्याळ काढू नका," ती म्हणाली.

त्याचा हात पट्ट्यावर थांबला. बाथरूममध्ये शॉवर धो धो सुरू होता आणि त्याच्याखाली कोणीच नव्हतं. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून झाल्या होत्या. अंगठी काढून आरशाखालच्या फळीवर ठेवून झाली होती. आता घड्याळाची पाळी होती. चार वर्षांत हा क्रम एकदाही चुकला नव्हता, आणि घड्याळ निघालं की पुढे काय, हे तिच्या बरगड्यांना पाठ होतं.

"का?"

"डॉक्टरांना पंधरा दिवस तुमच्या हृदयाच्या ठोक्यांची सलग नोंद हवी आहे. अंघोळीतही काढायचं नाही म्हणालेत."

डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. अंघोळीत घातलं तरी चालेल, एवढंच म्हणाले होते. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची, औषधांच्या डब्यात घडी घालून ठेवलेले कागद, जे घेणारा कधी उघडूनही बघत नाही. दुसऱ्याच्या वाक्यातला शब्द आपल्या मनाने बदलायचं पाप तिने आजवर केलं नव्हतं. आज केलं.

तो खरंच विचारात पडला. बायकोला बडवायला निघालेला माणूस स्वतःच्या काळजाची काळजी करत दारात उभा राहिला. जिवाला जपावं ते अशा माणसांनीच.

"पाण्याने खराब नाही ना होणार?"

"नाही."

त्याने पट्टा एक भोक घट्ट केला, तिचे केस मुठीत धरले आणि तिला आत ओढलं.

तो फिजिओथेरपिस्ट होता. म्हाताऱ्यांचे गुडघे आणि खेळाडूंचे खांदे त्याच्याकडे रांग लावून यायचे. हाताला गुण आहे, असं सगळे म्हणायचे. कुठे दाबलं की दुखणं थांबतं हे त्या हाताला कळत होतं, तसं कुठे मारलं की वळ दिसत नाही हेही कळत होतं. शॉवर शेजाऱ्यांसाठी होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच. फक्त तोंड दाबायचं काम पाणी करायचं.

आजचा गुन्हा असा, की रविवारी तिने त्याच्या आईला सगळं सांगितलं होतं. आईने ऐकून घेतलं नाही. "असलं बोलू नये पोरी, माझा मुलगा तसा नाही," म्हणाली आणि भांडी आवरायला उठली. नंतर मुलाला फोनवर एवढंच म्हणाली, "तिला नीट वागव रे." त्याला तेवढं पुरलं.

पहिली बुक्की पाठीत बसली. दुसरी बरगडीखाली. ती फरशीवर गुडघ्यांवर आली. त्याने तिला उठवून पुन्हा भिंतीवर आपटलं. तिसऱ्या बुक्कीला ती कळवळून बाजूला झाली आणि त्याची मूठ भिंतीच्या टाइलवर आदळली. टाइल तडकली. मनगटावर घड्याळ थरथरलं आणि टिटवीसारखं ओरडू लागलं.

घड्याळाबरोबर आलेली पुस्तिका त्याने न उघडता फेकली होती. तिने ती कचऱ्यातून काढून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली होती, सवयच तशी. जोराचा दणका बसला की हे घड्याळ विचारतं, तुम्ही पडलात का? अर्ध्या मिनिटात उत्तर मिळालं नाही तर ठरवून दिलेल्या माणसाला फोन लावतं. आणि खाली, मुंगीएवढ्या अक्षरात: ओल्या बोटाचा स्पर्श काचेला कळेलच असं नाही. त्याने नंबर आईचा दिला होता. बायकोचा द्यायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. तिला तेवढंच हवं होतं. सांगून खोटं वाटतं ना, मग त्या बाईने एकदा आपल्या कानांनी ऐकावं. नाहीतर या बाथरूममधून एक दिवस आपण चालत बाहेर येणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

त्याने काच दाबली. पुन्हा दाबली. ओल्या शर्टावर बोट पुसलं आणि घासलं. आकडे उतरत राहिले. त्याने पट्ट्याला हात घातला, पण एक भोक आवळलेला पट्टा ओल्या बोटांनी सुटेना. ती भिंतीला टेकून आकडे बघत होती आणि ओरडण्यासाठी छातीत श्वास भरून घेत होती.

फोन लागला. त्याच क्षणी त्याने तिच्या तोंडावर पंजा आवळला. अंगठा जबड्याच्या सांध्यावर, नेमका. तिच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही.

"हॅलो? काय झालं रे?" घड्याळातून आई म्हणाली.

"काही नाही गं आई. अंघोळ करताना जरा घसरलो. घड्याळाने आपोआप फोन लावला." पेशंटशी बोलतानाचा तोच गोड आवाज.

"ती कुठे आहे?"

"स्वयंपाकघरात."

ती पाय झाडत होती, पण अनवाणी पायांचा आवाज तो काय होणार. चार वर्षं वाट पाहून मिळालेलं अर्धं मिनिट तिच्या डोळ्यांदेखत वाहून चाललं होतं. आता आई फोन ठेवणार आणि नंतर जे होणार, ते आजवर झालं नव्हतं असं असणार. तिला रडू आलं.

आईने फोन ठेवला नाही.

"तिला सोड," ती म्हणाली. "घरातल्या दुसऱ्या फोनवरून मी पोलिसांना कळवतेय."

"पोलिस? आई, अगं कशाला? नुसता पाण्याचा आवाज आहे."

"तोच ऐकतेय मी," आई म्हणाली. "तुझा बापही नळ सोडूनच मारायचा मला."