नावाची पट्टी

सुषमानं काडी ओढली आणि पिशवीच्या कोपऱ्याला लावली.

कोपरा आधी आकसला. मग वितळला आणि त्याचा काळा थेंब समाजमंदिराच्या फरशीवर पडला. मागोमाग दुसरा. शिलाई मशीनवर बसलेल्या बायकांच्या नाकात प्लॅस्टिकचा वास शिरला.

"हे कापड हाय?" तिनं विचारलं.

समोर उभ्या असलेल्या सतीश साहेबानं नाकाला रुमाल लावला. तो कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीतून आला होता. उद्या पर्यावरण दिन. कासुर्डीच्या या महिला गटानं शिवलेल्या कापडी पिशव्या कंपनी यवतच्या बाजारात वाटणार, असं दोन महिन्यांपूर्वी त्यानंच याच फरशीवर मांडी घालून ठरवलं होतं. गटानं जाडंभरडं सुती मांजरपाट आणलं. भर उन्हाळ्यात पाचशे पिशव्या शिवल्या, आणखी दोन हजारांचं कापड बेतून ठेवलं.

आज टेम्पो आला, पण त्या न्यायला नव्हे. टेम्पोतून तयार पिशव्यांचे गठ्ठे उतरले. हिरव्यागार, साड्यांच्या दुकानात मिळतात तसल्या, लांबून कापडासारख्या दिसणाऱ्या. सोबत छापील पट्ट्यांचं एक रीळ होतं. पट्टीवर लिहिलं होतं, 'कासुर्डीच्या भगिनींनी हाताने शिवलेली कापडी पिशवी'. बायकांनी एवढी पट्टी लावून द्यायची होती. मजुरी मात्र पूर्ण मिळणार होती.

"ताई, तुमची पिशवी वरच्यांना फिकी वाटली," सतीश म्हणाला. "फोटोत उठत नाही. आणि ही पण रियूजेबलच आहे ना. वर्षभर चालते."

"आन् वर्षानं?"

"वर्षानं काय?"

"वर्षानं कुठं जाती? तुम्ही घरी नेता का परत?"

त्यानं मोबाइल काढला आणि स्क्रीनवर बोट फिरवत राहिला. सुषमानं मांजरपाटाची एक कातरण उचलली, तीही पेटवली. ती भुरूभुरू जळाली. उरलेली राख तिनं दोन बोटांत चोळली आणि बोटं त्याच्यासमोर धरली.

"यवतच्या बाजारात भाजीवाल्या बायांशी भांडलीया मी. एकेकीच्या गाड्यावरच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या सोडवल्या. उद्या त्यांच्याच हातात हे देऊ? माझ्या गावाचं नाव शिवून?"

दाराशी खुर्ची टाकून बसलेले उपसरपंच हौसराव खाकरले. ते सुषमाचे चुलत सासरे.

"सुनबाई, हातातलं काम घालवू नगं. कंपनीनं शाळंच्या छपराला पत्रं दिल्यात. एक पट्टी लावायला काय जातंय?"

सुषमानं डोक्यावरचा पदर सारखा केला. "आप्पा, मग तुमचं नाव लावू का? 'हौसरावांनी हाताने शिवलेली.' तसं छापून आणू द्या साहेबांना."

कोपऱ्यातली एक बाई फिस्सकन हसली आणि लगेच गप्प झाली. हौसरावांनी मान फिरवली.

"सुषमाताई," सविता दबक्या आवाजात म्हणाली, "पर बेतलेल्या कापडाचं काय करायचं मग?"

सुषमानं हातातली काड्यापेटी मशीनवर आपटली. तिचा चेहरा रागानं तापला होता.

सतीशनं मोबाइल खिशात टाकला. "ठीक आहे. कारेगावला दुसरा गट आहे. मी बोललोय त्यांच्याशी. पट्टीवरचं गावाचं नाव बदलायला कितीसा वेळ लागतो?"

मशीनची चाकं थांबली.

मग ब्लेडचा बारीक आवाज येऊ लागला. गटातली सगळ्यात थोरली तुळजाबाई मघापासून मान खाली घालून पट्ट्या लावत होती. तिच्या अकरा पिशव्या झाल्या होत्या. आता ती पहिल्या पिशवीची पट्टी उसवत होती. एकेक टाका, सावकाश.

"आजी, राहू द्या," सतीश म्हणाला. "मला उशीर होतोय. अकरा पिशव्यांनी काय फरक पडतो?"

"थांबा," ती म्हणाली.

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. तुळजाबाईनं वर पाहिलं नाही. अकरा पट्ट्या निघेपर्यंत सतीश उभा राहिला, घड्याळ बघत, या पायावरून त्या पायावर. शेवटी तिनं पिशव्यांची चळत करून त्याच्याकडे सरकवली.

"घ्या तुमच्या पिशव्या."

"आणि ते रीळ?"

रीळ तिच्या मांडीवर होतं. तिनं त्यावर हात ठेवला.

"ते न्हाई मिळायचं."

"अहो, कंपनीचा माल आहे तो!"

"माल आसंल. नाव आमचं हाय. नाव काय तुमच्या कंपनीत तयार झालं व्हय?"

सुषमा उठून तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली. मग सविता. मग बाकीच्या. सतीशनं मदतीसाठी हौसरावांकडे पाहिलं.

हौसराव उठले. त्यांनी चपला पायांत सरकवल्या, दारातून बाहेर डोकावलं.

"साहेब," ते म्हणाले, "टेम्पो वळवायला जागा कमी हाय. डायवरला म्हणावं, जपून काढ."

गठ्ठे गेले. टेम्पोचा आवाज हायवेकडे विरून गेला. बायका जागच्या जागी उभ्याच होत्या. आता कुणासाठी शिवायचं, हे कुणीच विचारलं नाही.

सुषमा मशीनवर बसली. बेतलेल्या मांजरपाटाचा तुकडा तिनं सुईखाली घातला आणि पायडल असं दाबलं की दुसऱ्याच टाक्याला दोरा तुटला. तिनं तो ओठांत ओला केला आणि पुन्हा ओवला.