आमरीचं क्रॉसिंग

“ह्यातले नर कोणते, सर?” कौसल्यानं विचारलं.

बद्रीनाथ सर आधीच तापलेले होते. जालन्याच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवत. वाटूरमागच्या रानात रानआमरीची, म्हणजे जंगली ऑर्किडची, नऊच रोपं उरली होती. चार वर्षं पांढरी फुलं यायची आणि बी न धरता झडायची. कपाशीवरच्या फवाऱ्यांनी माश्या संपवल्या, असं ते भेटेल त्याला सुनवायचे. त्यांचा राग खरा होता, पण निघायचा समोर सापडेल त्याच्यावर.

शेवटी माशीचं काम माणसाच्या हातांनी करायचं ठरलं. कौसल्यानं कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंग करत दहा हंगाम काढले होते. तिचा हात हलका, म्हणून सरांनी तिला आणलं.

“ओढ्याकडचे चार नर धर, सागाखालचे पाच मादी,” सर म्हणाले. “कपाशीत करतेस तसंच कर. डोकं चालवू नकोस.”

“पण हे कशासाठी, सर?”

“तुला काय करायचंय?”

तिनं पुन्हा विचारलं नाही. आठ दिवस रोज सकाळी ती आगपेटीच्या काडीवर चिकट पराग उचलायची आणि पलीकडच्या फुलात अलगद ठेवायची. काम संपवून ती गावात गेली.

पंधरा दिवसांनी सर वनरक्षक मच्छिंद्रला घेऊन आले. सागाखालच्या पाचही रोपांना शेंगा धरल्या होत्या. सर चक्क हसले. मग ते ओढ्याकडे गेले. तिथं चार खड्डे होते.

पलीकडे म्हातारा ख्वाजामियाँ शेळ्या चारत होता. सरांना तेवढं पुरे झालं.

“तुझ्या शेळ्यांनी खाल्ली!”

“शेळी कंद उकरून खाते का, सर?” म्हातारा म्हणाला. “ती वरचा पाला खाईल.”

“मग तू उकरलेस. कुण्या वैदूला विकलेस?”

“तीस साल झाले या रानात. एक फूल तोडलं न्हाई मी.”

सरांनी त्याच्या थोबाडीत मारली. म्हाताऱ्याची टोपी चिखलात पडली. कुणीही उचलली नाही.

“शेळ्या कोंडवाड्यात घाल,” सर मच्छिंद्रला म्हणाले. “आणि यानं पुन्हा रानात पाय ठेवला तर तंगडं मोडीन.”

शेंगा धरल्या का ते बघायला कौसल्या तेवढ्यात पायवाटेनं वर आली. मारताना तिनं पाहिलं होतं.

“चाचाला कामून मारून राह्यले, सर?”

“साऱ्या जिल्ह्यात नऊच रोपं होती,” सरांचा आवाज फाटला. “चार यानं मुळासकट नेली.”

कौसल्यानं खड्ड्यांकडे पाहिलं, मग सरांकडे.

“क्रॉसिंग उरकल्यावर नर उभे ठेवत न्हाईत, सर. बियाण्यात भेसळ होते,” ती म्हणाली. “जाताना मीच उपटून ओढ्यात टाकले.”