धाकट्याचा स्कॅन

"रक्त द्यायला बोलावलंत, दिलं. आता निघते," ताई म्हणाली आणि बाही खाली ओढली.

ज्याच्यासाठी ती आली होती तो तिचा धाकटा भाऊ पलीकडच्या एमआरआयच्या खोलीत टेक्निशियनच्या टकलाची चौकशी करत होता. आई गेली त्या दिवशी तो चारचौघांत खो खो हसला होता. तेव्हापासून ताईनं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

"एक मिनिट बसा," म्हणत डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर त्याच्या मेंदूचं चित्र लावलं. "या आजारात पुढचा भाग सुकत जातो. दुसऱ्याचं दुःख जाणवेनासं होतं. घराण्यातून आलाय का, ते तुम्हा दोघांच्या रक्तावरून कळेल. पण हा जुना स्कॅन बघा, ते स्कूटरवरून पडले तेव्हाचा. आत रक्तस्राव नाही म्हणून घरी पाठवलं. पुढच्या भागाची ही उजवी बाजू मात्र तेव्हाच सुकायला लागली होती."

"तो पडला ते आई जायच्या आधी," ताई सावकाश म्हणाली. "म्हणजे हसला तेव्हा..."

"आजारीच होते."

आता ताई खुर्चीत बसली. इतकी वर्षं ती एका आजाराच्या नावानं बोटं मोडत होती तर. रडू आलं, पण त्याहून जास्त हायसं वाटलं. भाऊ वाईट नव्हता.

"फार उपकार झाले, बाई," ती म्हणाली. "माझ्यातही असेल हे?"

"असू शकतं. रिपोर्ट आला की बोलू."

"बघू तेव्हाचं तेव्हा."

तेवढ्यात टेक्निशियन घामाघूम होऊन आला. पेशंट मशीनच्या फळीवर पुन्हा उठून बसला होता, आजचा स्कॅन होत नव्हता. घरच्या कुणी आत थांबून पाय धरला तर अशी माणसं शांत पडतात. पण भावजयीच्या छातीत पेसमेकर, तिला मशीनजवळ जायची बंदी. ती दारात अवघडून उभी होती.

ताईनं घड्याळ, कानातली काढून तिच्या हातात ठेवली. "तू एकटीनं निभावलंस गं सगळं. आम्ही नुसती नावं ठेवली."

आत मशीन खडखडू लागलं. ताईनं त्याचं पाऊल दोन्ही हातांत धरलं. तो हलला नाही. खडखड थांबली, टेक्निशियननं काचेमागून झाल्याची खूण केली, तरी तिनं पाऊल सोडलं नाही.

"ताई, हात गार आहेत तुझे," आतून आवाज आला.

"हो रे. होतील गरम. पडून राहा."