बाराच्या आत

अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि बाई अजून मोजपट्टी गुंडाळायला तयार नव्हत्या. खिडकीची रुंदी झाली, ओट्याची लांबी झाली, आता भिंत आणि दार यांच्यामध्ये पाळणा मावतो का ते चाललं होतं. एजंट हसत उभा होता. हसून हसून त्याचे गाल दुखायला लागले होते.

बाराच्या ठोक्याला खालचा छापखाना सुरू होणार होता. सकाळभर तिथं जुळवाजुळव चाले, यंत्र मात्र बारा ते पाच. म्हणून हे घर दाखवायचं ते साडेदहा ते साडेअकरा, असा ऑफिसचा रिवाज होता. साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "खोटं बोलायचं नाही. आपला धंदा इभ्रतीचा आहे. फक्त, विचारलं नाही ते सांगायचं नाही." साहेबांची इभ्रत अशी सोयीची होती.

एजंट नवा होता, पण कोवळा नव्हता. चाळिशी उलटली होती, आधीचे दोन धंदे बसले होते. इथल्या उमेदवारीचे तीन महिने शनिवारी संपत होते आणि त्याच्या हातून अजून एकही घर गेलं नव्हतं. शनिवारपर्यंत जमलं नाही तर सोमवारी येऊ नका, असं साहेब अगदी गोड आवाजात म्हणाले होते. इकडे बायकोनं माहेरी सांगूनही टाकलं होतं, की यंदा ह्यांचं बस्तान बसलं.

बाईंचं वागणं त्याला उमजत नव्हतं. भेटीची वेळ त्यांनी मेसेजवर ठरवली, फोन एकदाही केला नाही. आल्या आल्या दारात चपला काढल्या. "राहू द्या ना, रिकामंच आहे घर," तो म्हणाला होता. "असू दे. मी घर अनवाणीच बघते," असं त्यांचं उत्तर. आणि तो बोलायला लागला की त्या सारख्या त्याच्या तोंडाकडे बघत. दातात काही अडकलंय की काय म्हणून त्यानं दोनदा जीभ फिरवून पाहिली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

"ताई, निघूया का? मला पुढची भेट आहे." पुढची भेट नव्हती. साहेबांचा नियम त्यानं तिथंच मोडला. बाई पाठमोऱ्या होत्या, त्यांनी उत्तर दिलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. त्या खाली वाकून कोपरा मोजत राहिल्या. अकरा पंचावन्न. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

बारा वाजले. खालून धडधड सुरू झाली, ती वाढत वाढत अख्ख्या खोलीत भरून राहिली. एजंटनं डोळे मिटून घेतले. संपलं, तो मनात म्हणाला. डोळे उघडले तेव्हा बाई शांतपणे मोजपट्टी गुंडाळत होत्या. दचकल्या नाहीत, वळल्या नाहीत. "ताई," तो मोठ्यानं म्हणाला. मग जवळजवळ ओरडलाच. तरी काही नाही.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. फोन न करणं, तोंडाकडे बघणं, सगळ्याचा अर्थ लागला. त्याच्या जिवात जीव आला. देव पावला, असंसुद्धा त्याला वाटून गेलं.

बाई दाराशी आल्या. एक चप्पल पायात सरकवली आणि त्याच्या ओठांवर नजर ठेवून उभ्या राहिल्या.

"मला ऐकू येत नाही," त्या एका पट्टीतल्या आवाजात म्हणाल्या. "माझ्या मुलीला येतं. सहा महिन्यांची आहे, दुपारी झोपते. घरात आम्ही दोघीच असतो. ती कशानं दचकून उठली, ते मला कळत नाही. म्हणून तुम्हाला विचारते. इथं दुपारी शांत असतं ना?"

खाली यंत्र धडधडत होतं. एक 'हो' पुरे होता. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. शनिवार, साहेब, बायकोचं माहेर, सगळं त्या एका मानेवर येऊन बसलं. ज्यांना ऐकू येतं त्यांच्यापासून हा आवाज चुकवताना त्याला कधी काही वाटलं नव्हतं. फसले तर फसले, कान होते की त्यांना. ह्या बाईंनी मात्र कान म्हणून त्यालाच धरलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि भीतीही तितकीच वाटली.

"नाही," तो म्हणाला. ओठ नीट दिसावेत म्हणून सावकाश म्हणाला. "खाली छापखाना आहे. बारा ते पाच यंत्र चालतं. आत्तासुद्धा चालू आहे. बाळ झोपायचं नाही इथं."

बोलून झाल्यावर त्याला हलकं वगैरे काही वाटलं नाही. घराची किल्ली ऑफिसात परत त्याच खिळ्याला लागणार होती, आणि घरी बायकोला काय सांगायचं ते त्याला सुचत नव्हतं.

बाईंनी दुसरी चप्पल घातली नाही. घातलेलीही काढली.

"मग हे घर नको," त्या म्हणाल्या. "दुसरं दाखवा. पण तुम्हीच दाखवा. दुसऱ्या कुणाला पाठवू नका."

"मीच का?" त्यानं विचारलं.

बाईंनी पायाचा उघडा तळवा फरशीवर नीट टेकवला.

"यंत्र सुरू झालं ते मला बाराच्या ठोक्यालाच कळलं. कळायचे राहिले होते ते तुम्ही."