अख्खा भोपळा

हॅलोवीनसाठी मुलांना घरी भोपळ्याचं भूत करायला सांगणाऱ्या शाळेनं, ज्या घरात पुरुषच नाही तिथं पहिली सुरी कुणी लावायची, हे चिठ्ठीत का लिहिलं नाही?

कुंदा सुरी धरून बसली होती. समोर अख्खा लाल भोपळा, शेजारी काळ्या कागदाची वटवाघळं कापणारी सात वर्षांची लेक.

"बाईनं अख्खा भोपळा चिरू नये. आधी पुरुषाचा हात लागतो," सासूबाई म्हणाल्या. कुंदाचा नवरा गेल्यापासून वर्षभर घरात भोपळ्याची फोडच येत होती.

"मग शेजारच्या भावजींना बोलावू?"

"आपल्या घरात त्याचा हात कशाला?" सासूबाई खेकसल्या.



लेक उठून काजळाची डबी घेऊन आली. तिनं आईच्या ओठांवर बाबांसारख्या झुपकेदार मिशा काढल्या. "आता काप."

सासूबाई बघतच राहिल्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला, खांदे हलू लागले. हसताहेत की रडताहेत, कुंदाला उमगेना. तिनं सुरी भोपळ्यावर टेकवली.

"आई, तोंडावरचा पदर बाजूला घ्या. कापू की नको, ते सरळ सांगा."